डिजिटल प्रतिमा-फाईल : बिघाड व पुनःप्राप्ती

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राची अंकीय नोंद अपुरी राहिल्याने, पुसली गेल्याने किंवा तिच्यातील काही अंक बदलल्याने ते छायाचित्र संगणकावर मुळीच न उघडणे अथवा अंशतः वा भलत्याच रंगांत दिसणे, यास प्रतिमा-फाईलचा बिघाड म्हणतात. उरलेल्या अंकांवरून ते छायाचित्र पूर्णतः वा अंशतः परत मिळविण्याच्या कृतीस पुनःप्राप्ती ही संज्ञा आहे. फिल्मवर ओरखडा उमटला, तरी बाकीचे चित्र शाबूत राहते. अंकीय प्रतिमेत मात्र एका बिटाच्या चुकीने अर्धे चित्र बिघडू शकते. उलटपक्षी, समूळ नाहीसे झालेले वाटणारे चित्र पुष्कळदा मेमरी कार्डावर जसेच्या तसे असते.

या प्रश्नाचे महत्त्व यवतमाळ जिल्ह्यातील जंगलांत विशेष प्रत्ययास येते. पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्यात (क्षेत्रफळ १४८·६३ चौ. किमी.) व त्याच्या परिसरात वाघांची ओळख स्वयंचलित कॅमेऱ्यांनी, म्हणजे कॅमेरा ट्रॅपने, पटविली जाते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते. इतकेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही भिन्न असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस कॅमेरे बसवितात. उष्ण देहाची हालचाल अवरक्त संवेदकास जाणवली की, छायाचित्र निघून कार्डावर नोंदले जाते. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगघाट अभयारण्यात दिसलेले वाघ शेकडो किलोमीटरांवरील टिपेश्वर भागातून आलेले आहेत, हे अशा छायाचित्रांतील पट्टे जुळवूनच ठरविता आले. पांढरकवडा–राळेगाव भागातील १३ माणसांच्या मृत्यूंशी जिचा संबंध जोडला गेला, ती टी-१ (अवनी) वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ मारली गेली. तिच्या दीर्घ शोधातही कॅमेरा ट्रॅपचा उपयोग करण्यात आला. समोरचे जनावर नेमके कोणते, या प्रश्नावर अशा वेळी माणसांचे व जनावराचे प्राण अवलंबून असतात. शिवाय उपयुक्त छायाचित्रे विरळ असतात. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी बसविलेल्या कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१, म्हणजे हजारात जेमतेम दोन होती.

जेपीईजी ही प्रतिमा साठविण्याची सर्वांत रूढ पद्धती असून तिचे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा फाईलीचा आरंभ ‘एफएफ डी८’ व शेवट ‘एफएफ डी९’ या ठरावीक चिन्हांनी होतो. आरंभचिन्हानंतरच्या शीर्षभागात चित्राचे मोजमाप, तारीख व वेळ, संकेतन उलगडण्याची कोष्टके आणि बहुधा एक लघुचित्र असते. त्यापुढे मुख्य नोंद येते. तीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकाचे संकेतन केलेले असते. हे संकेत कमीअधिक लांबीचे असल्याने मध्येच एक बिट चुकला, तर पुढचा संकेत कोठे सुरू होतो हेच कळेनासे होते. शिवाय प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा आधीच्या चौकोनापासूनच्या फरकाने लिहिलेली असते. त्यामुळे एक चूक पुढील सर्व चौकोनांत उतरते. चित्राचा वरचा भाग स्वच्छ आणि खालचा सरकलेला, जांभळट वा हिरवट दिसतो, तो यामुळे. काही कॅमेरे ठरावीक अंतराने पुनरारंभाची चिन्हे घालतात. ती असल्यास हानी पुढच्या चिन्हापाशी थांबते.

बिघाडाची कारणे बहुधा साधी असतात. छायाचित्र लिहिले जात असताना बॅटरी संपली किंवा कार्ड बाहेर काढले, तर फाईल अर्धवट राहते. ती उघडल्यास खालचा भाग करडा दिसतो. लांबी शून्य नोंदलेली फाईल हाही याचाच एक प्रकार. जंगलात आठवडेच्या आठवडे टांगलेल्या कॅमेऱ्यांत असे वारंवार घडते. कार्डातील स्मृती विद्युत् भाराच्या रूपाने माहिती धरून ठेवते. उष्णतेने या भाराची गळती वाढते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात हवेचे तापमानच ४५° से. च्या घरात जाते. पावसाळ्यात कार्डाचे संपर्कबिंदू गंजतात. आणखी एक कारण म्हणजे बनावट कार्डे : यांवर छापलेली क्षमता खरी नसते आणि खरी क्षमता संपल्यावर लिहिलेले सर्व वाया जाते. पहिली काही चित्रे उत्तम व त्यानंतरची एकूण एक बिघडलेली, असे आढळल्यास प्रथम हाच संशय घ्यावा. त्यावर मागाहून उपाय नाही. वापरण्यापूर्वी कार्ड पूर्ण भरून व वाचून पाहणे एवढेच हाती असते.

पुष्कळदा बिघाड फाईलीत नसतोच. कार्डावरील मूळ चित्र शाबूत असून संगणकावरील प्रतच सदोष उतरलेली असते, किंवा संगणकातील कार्यक्रमास त्या कॅमेऱ्याची विशिष्ट फाईल वाचता येत नाही. म्हणून दुसऱ्या कार्ड रीडरने नवी प्रत घेऊन ती दुसऱ्या कार्यक्रमात उघडून पाहणे, ही पहिली तपासणी होय.

बिघाड खरा ठरल्यास त्या कार्डावर पुढे काहीही लिहू देऊ नये. फाईल पुसली असता सामान्यतः यादीतील तिची नोंद रद्द होते, चित्राचे अंक नव्हे. फॅट या कार्डांवरील रूढ पद्धतीत नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि जागा मोकळी असल्याची नोंद होते. त्या जागेवर नवे चित्र पडेपर्यंत जुने तेथेच असते. संगणक कार्ड ‘दुरुस्त’ करण्याची किंवा फॉरमॅट करण्याची सूचना देतो, ती याच कारणासाठी नाकारावी. कार्डाची लेखनरोधक कळ सरकवून त्याची बिटागणिक संपूर्ण नक्कल करावी व पुढील सारे काम नकलेवर करावे. फोटोरेकसारखे विनामूल्य कार्यक्रम यादीकडे न पाहता नकलेतील आरंभचिन्हे शोधतात व तेथून पुढील अंक वेगळे काढतात. फाईल सलग जागेत असेल, तर ती पूर्ण मिळते. दर वेळी फॉरमॅट करून बसविलेल्या कार्डावर चित्रे बहुधा एकापाठोपाठ सलग असतात, त्यामुळे कॅमेरा ट्रॅपच्या कार्डांत यशाचा संभव चांगला असतो. याउलट, मधूनमधून नकोशी चित्रे पुसलेल्या कार्डावर नव्या फाईली तुकड्यातुकड्यांनी ठेवल्या जातात आणि हाती येणाऱ्या चित्रात वर वाघ व खाली भलतेच रान असा प्रकार होतो.

केवळ शीर्षभाग नष्ट झाला असेल, तर त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत घेतलेल्या चांगल्या छायाचित्राचा शीर्षभाग जोडून चित्र उघडता येते. मात्र अशा फाईलीवरील तारीख व वेळ उसनी असते, हे टिपून ठेवावे लागते. मुख्य नोंदच गेली असल्यास लघुचित्र तेवढे उरते. ते सहसा १६० × १२० पिक्सेलांचे असल्याने जनावर वाघ आहे की गाय, एवढे त्यावरून सांगता येते. पट्टे जुळविता येत नाहीत. अर्धवट चित्रात मात्र कुशीचा पुरेसा भाग स्पष्ट असेल, तर ओळख पटू शकते.

जे अंक कार्डावर उरलेलेच नाहीत, ते कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. गहाळ भाग अंदाजाने रंगवून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम अलीकडे उपलब्ध आहेत. कौटुंबिक छायाचित्रात ते क्षम्य ठरतील. परंतु वाघाच्या कुशीवर त्यांनी काढलेले पट्टे त्या वाघाचे नसतात. त्यामुळे ओळखीसाठी करडा भाग करडाच ठेवतात आणि मूळ कार्डाची नक्कल प्राप्त चित्रासोबत जपून ठेवतात.