संगत बिघडवते, की आपणच तशी संगत शोधतो?

मागच्या महिन्यात अहिल्यानगरहून मावशीचा फोन आला. "अगं, धाकटा पुण्याला आल्यापासून चर्चला जात नाही. संगत बिघडली त्याची. तू तिथेच आहेस, जरा बघ ना."

तुमच्याही घरी असा फोन आला असेल, कदाचित तुमच्याबद्दलच! ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना पौलाचा इशारा पाठ असतो. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५. गंमत म्हणजे वाईट संगतीबद्दलचं ते वाक्य मूळचं ग्रीक नाटककार मिनँडरचं मानलं जातं. आपल्याकडे तीच गोष्ट ढवळ्या-पवळ्याची म्हण सांगते: वाण नाही पण गुण लागला.

माझा अभ्यास संख्याशास्त्राचा, त्यामुळे मला लगेच शंका येते. पवळ्याला गुण लागला, की सारख्याच गुणाचे दोन बैल आपणहून शेजारी आले? मित्र एकमेकांसारखे असतात हे दिसतं, पण त्याची कारणं दोन असू शकतात: निवड आणि प्रभाव.

डेनिस कँडेल या अमेरिकन संशोधिकेने शाळकरी मित्रांच्या जोड्या वर्षभर पाहिल्या आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला. दोन्ही कारणं जवळपास सारखीच महत्त्वाची निघाली. म्हणजे "मित्रांनी बिघडवलं" हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा भाग आपल्या निवडीचा.

मग नुसता प्रभाव कसा मोजायचा? मित्र आपण निवडतो, पण रूममेट बऱ्याचदा नशिबाने मिळतो. डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोल्या जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दिल्या जात. ब्रूस सॅसरडोट यांनी तो डेटा तपासला (२००१). रूममेटचा परिणाम गुणांवर आणि कुठल्या मित्रमंडळात शिरायचं यावर दिसला, पण मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर दिसला नाही. संगत रोजच्या सवयींना धरते. आयुष्याचे सगळेच निर्णय तिच्या हातात नसतात.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी लोकांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर उघड होतं, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस गर्दीमागे गेला. मात्र खरं बोलणारा एकच जोडीदार दिला, की हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आलं. फक्त एक माणूस!

म्हणून संगत निवडताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. या लोकांसोबत माझ्या रोजच्या सवयी कुठे चालल्यात? इथे मला "नाही" म्हणता येतं का? आणि मी चुकले तर तोंडावर सांगणारा, माझ्यासाठी प्रार्थना करणारा एक तरी माणूस जवळ आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर बाकीच्या गर्दीची भीती बरीच कमी होते.

पण "वाईट संगत टाळा" याचा अर्थ माणसं टाळा असा नाही. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला. पौलही त्याच पत्रात, पाचव्या अध्यायात, स्पष्ट करतो की जगातल्या सगळ्याच पापी माणसांपासून दूर राहायचं तर जगच सोडावं लागेल. मी मात्र एमएस्सीला असताना दारू पिणाऱ्या एका मैत्रिणीशी बोलणंच बंद केलं होतं. तिचे वडील नुकतेच गेले होते, हे मला नंतर कळलं. तिच्याबरोबर प्यायची गरज नव्हती. तिच्या शेजारी बसायची होती. ते आजही टोचतं.

मावसभावाला भेटले. रूममेट साधी मुलं, अभ्यासू. चर्चबद्दल विचारलं तर म्हणाला, "ताई, कुणी अडवत नाही गं. पण चल म्हणणारंही कुणी नाही."

संगत बिघडली नव्हती, ती नव्हतीच. आणि मी, त्याच शहरात राहणारी, सहा महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता.

आता रविवारी आम्ही सोबत जातो. तुमच्या ओळखीचं कुणी नवीन शहरात आलंय का? त्याची संगत कशी आहे हे विचारण्याआधी, आज त्याला एक फोन करा.