साडेपाचशे विरुद्ध शून्य
(कॉलेजची मैदानं : लेखांक ५)

मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९०१च्या हंगामात अकरा सामने खेळला आणि अकराही जिंकला. एकूण गुण ५५०. त्यांच्याविरुद्ध झालेले गुण शून्य. अमेरिकन फुटबॉलचा कुठलाही इतिहास चाळला की हा आकडा भेटतोच, आणि बहुतेक लेखक त्याला हात जोडून पुढं सरकतात. मला आकड्यापेक्षा तो जमला कसा, यात जास्त रस आहे. कॉलेजच्या खेळात पैसा शिरला, शिक्षण बाजूला पडलं, ही ओरड अमेरिकेत आजही चालू असते. ती ज्या गोष्टींबद्दल आहे, त्यातल्या बऱ्याचशा या एका हंगामात आधीच हजर होत्या.

गेल्या आठवड्यात आपण वॉल्टर कँपनं घडवलेले फुटबॉलचे नियम पाहिले. त्यातले इथं लागणारे तेवढे पुन्हा सांगतो. मैदान ११० यार्डांचं. टचडाउनला पाच गुण, त्यानंतरच्या किकचा एक. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हातात. पुढं चेंडू फेकायला मनाई. ती परवानगी १९०६ साली मिळाली. शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. त्यामुळं सगळा खेळ मुसंडीचा. कबड्डीत साखळी करून चढाईवाल्याला आवळतात तसं, फक्त इथं दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींवर आदळायच्या. पाचच यार्ड हवे असल्यामुळं जड माणसं गोळा करून मधोमध घुसवायची, हा सर्वमान्य मार्ग होता. ईशान्येकडची हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही जुनी विद्यापीठं याच मार्गानं मोठी झाली होती, आणि पश्चिमेकडच्या (आजच्या हिशेबानं मिडवेस्टमधल्या) विद्यापीठांना ती खिजगणतीतही धरत नसत.

मिशिगनच्या क्रीडा विभागाचा कारभार पाहणारे चार्ल्स बेअर्ड यांनी १९०१ साली फील्डिंग योस्ट या तिशीतल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून आणलं. योस्ट मूळचा वेस्ट व्हर्जिनियाचा, कायद्याची पदवी घेतलेला. वकिली मात्र त्याच्या नशिबात फारशी नव्हती. १८९७ साली ओहायो वेस्लियन, १८९८ साली नेब्रास्का, १८९९ साली कॅन्सस, १९०० साली स्टॅनफर्ड असा तो दर वर्षी नव्या गावी बिऱ्हाड हलवत होता. स्टॅनफर्डनं मग नियम केला की प्रशिक्षक आपलाच माजी विद्यार्थी असला पाहिजे, आणि योस्टचं तिथलं काम संपलं. नियम चांगल्या हेतूनं केला होता. त्याची किंमत स्टॅनफर्डला किती मोजावी लागली, ते पुढं येईलच.

खेळाडू असतानाचा त्याचा एक उद्योग सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. १८९६ साली लाफायेट कॉलेजचा सामना पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाशी होता. पेन तेव्हा कुणाला हार जात नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाचा खेळाडू असलेला योस्ट भर हंगामात लाफायेटमध्ये ‘विद्यार्थी’ म्हणून दाखल झाला, सामना खेळला, लाफायेटनं ६-४ असा विजय मिळवला, आणि स्वारी लवकरच आपल्या जुन्या कॉलेजात परत. असं करणारा तो एकटा नव्हता. तेव्हाच्या फुटबॉलमध्ये हे राजरोस चालायचं.

मिशिगनला येताना तो रिकाम्या हातानं आला नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या अध्यापक विद्यालयाचा विली हेस्टन नावाचा हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा गडी) त्यानं हेरून ठेवला होता. हेस्टन शिक्षकाच्या नोकरीच्या वाटेवर होता. योस्टनं त्याला मिशिगनला बोलावलं, हेस्टननं कायद्याच्या वर्गात नाव घातलं आणि हाफबॅकची जागा घेतली. अंगानं फार मोठा नव्हे, पण पहिल्या दोन-तीन पावलांतच पूर्ण वेग पकडणारा. पुढं ऑलिंपिक जिंकलेला धावपटू आर्ची हान मिशिगनचाच. थोड्या अंतराच्या शर्यतीत हेस्टननं त्यालाही मागं टाकलं होतं, असं मिशिगन विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरमध्ये, सांगत.

योस्टची खरी करामत मात्र एका खेळाडूत नव्हती. ती दोन खेळींच्या मधल्या वेळात होती. सामान्य संघ काय करायचा? मुसंडी मारायची, दहा-बारा जणांचा ढीग व्हायचा, पंच तो उपसायचे, गडी उठून अंग झटकायचे, रांग लागायची, मग क्वार्टरबॅक पुढच्या खेळीचे आकडे ओरडायचा. मिशिगनचा क्वार्टरबॅक बॉस वीक्स हे आकडे आपले गडी ढिगातून बाहेर पडत असतानाच सुरू करायचा. रांग लागते न लागते तोच चेंडू हलायचा. समोरचे अजून आपली जागा शोधतायत, कुणी गुडघा चोळतोय, आणि मिशिगन त्यांना ओलांडून गेलेलं असायचं. सरावाच्या वेळी योस्ट सारखा ‘हरी अप’ म्हणून मागं लागायचा, आणि तेच पुढं त्याचं टोपणनाव झालं. बदली खेळाडू सहजी उतरवता येत नसत, म्हणून या घाईत समोरचा संघ उत्तरार्धात अक्षरशः दमून बसायचा. वजनाला वेगानं दिलेलं हे उत्तर माझ्या मते त्या काळातला सर्वांत हुशार विचार होता. ज्या नियमांत बाकीच्यांना फक्त धटिंगणपणा दिसत होता, त्याच नियमांत योस्टनं तो शोधला.

हंगाम सप्टेंबरअखेर सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या होऊन थिओडोर रूझवेल्ट सत्तेवर आल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ॲल्बियन ५०-०, केस ५७-०, इंडियाना ३३-०, नॉर्थवेस्टर्न २९-०. मग २६ ऑक्टोबरला बफेलो विद्यापीठाचा संघ आला. त्यांनी त्याच हंगामात न्यू यॉर्कच्या कोलंबियाला हरवलं होतं, म्हणजे पूर्वेकडच्या नावाजलेल्या संघाला पाणी पाजून आलेली ही मंडळी. मिशिगननं त्यांना १२८-० असं झोडपलं. त्या सामन्याची एक गोष्ट अजून सांगतात: बफेलोचा एक गडी खेळ चालू असताना मिशिगनच्या बाकावर येऊन बसला. तुझी बाजू पलीकडे आहे असं सांगितल्यावर तो म्हणाला, मी योग्य जागी आलोय. खरीखोटी कुणास ठाऊक, पण गुणफलक पाहता पटण्यासारखी आहे.

पुढचे तीन सामने इतके एकतर्फी नव्हते. कार्लाइलच्या मूलनिवासी मुलांच्या शाळेचा संघ डेट्रॉइटमध्ये २२-० असा हरला. शिकागोचा प्रशिक्षक स्टॅग हा योस्टचा पुढं जन्मभराचा प्रतिस्पर्धी, त्यालाही २२-०. या दोघांच्या मधे ओहायो स्टेटचा सामना होता, २१-०. आज मिशिगन-ओहायो स्टेट म्हणजे अमेरिकेतलं सर्वांत कडवं वैर, म्हणून या सामन्याची नोंद आवर्जून होते. त्या नोंदीत एक गोष्ट सहसा राहून जाते. ओहायो स्टेटचा मधला खेळाडू दोनच आठवड्यांपूर्वी एका सामन्यात मानेला मार लागून मरण पावला होता. कॉलेजनं एक सामना रद्द केला, फुटबॉल बंद करावा का यावर चर्चा झाली, आणि मग संघ मिशिगनसमोर उभा राहिला. ते २१-० वाचताना हेही डोळ्यांपुढं असलेलं बरं.

बेलॉइट ८९-०, आयोवा ५०-०. हंगाम इथं संपायला हवा होता. पण कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावाला गिऱ्हाईक हवं होतं. तिथं १८९०पासून १ जानेवारीला फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघे. बर्फात गारठलेल्या अमेरिकेला आपल्याकडचं ऊन दाखवावं, लोकांनी यावं, जमिनी घ्याव्यात, हा उघड हेतू. त्या उत्सवाच्या आयोजकांनी पूर्व विरुद्ध पश्चिम असा फुटबॉल सामना ठरवला आणि मिशिगनला बोलावलं; कॅलिफोर्नियाच्या हिशेबानं मिशिगन पूर्वेचंच. मिशिगनचा प्रतिस्पर्धी कोण? स्टॅनफर्ड. योस्टला वर्षापूर्वी नियमावर बोट ठेवून निरोप देणारं.

डिसेंबरच्या थंडीतून निघालेला संघ आगगाडीनं देश ओलांडून उन्हात उतरला. १ जानेवारी १९०२ला टूर्नामेंट पार्कात सुमारे आठ हजार माणसं होती. पहिली वीसेक मिनिटं काहीच घडेना. स्टॅनफर्डचे गडी जिद्दीनं रेटत होते. मग बांध फुटला. मध्यंतराला १७-०. उत्तरार्धात उकाडा आणि योस्टची घाई दोन्ही स्टॅनफर्डवर एकदम चालून आली. त्यांचा एक गडी, राष्ट्राध्यक्षांचा दूरचा भाऊबंद विल्यम रूझवेल्ट, पाय मोडलेला असतानाही काही वेळ खेळत राहिला. फुलबॅक नील स्नोनं एकट्यानं पाच टचडाउन केले. मिशिगनचे सुरुवातीचे अकराच्या अकरा गडी एकही बदल न करता टिकले होते, आणि समोर स्टॅनफर्डकडे धड माणसं उरत नव्हती. आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डचा कप्तान राल्फ फिशर मिशिगनचा कप्तान ह्यू व्हाइटकडे गेला आणि म्हणाला, तुमची हरकत नसेल तर थांबू या. थांबले. ४९-०.

आयोजकांनी धसका घेतला. पुढच्या वर्षी पोलो ठेवला, त्यानंतर चक्क रथांच्या शर्यती, आणि फुटबॉल परत आणला तो १९१६ साली. आज ‘रोझ बोल’ म्हणून कोट्यवधी लोक पाहतात त्या सामन्याचं हे पहिलं पर्व इतकं एकतर्फी ठरलं की चौदा वर्षं दुसरं झालंच नाही.

आता अजिंक्यपदाचं. मिशिगन १९०१चं राष्ट्रीय विजेतं, असं आज सगळीकडे छापलेलं असतं. पण तेव्हा असं पदच नव्हतं. ना अंतिम सामना, ना चषक, ना ठरवणारी संस्था. हार्वर्डनंही त्या वर्षी बारापैकी बारा सामने जिंकले होते. हार्वर्ड आणि मिशिगन समोरासमोर आलेच नाहीत. इतकंच काय, मिशिगनच्या स्वतःच्या परिषदेतला, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या गटातला, विस्कॉन्सिनचा संघही अपराजित होता, त्याच्याशीही गाठ पडली नाही आणि विजेतेपद दोघांत वाटलं गेलं. राष्ट्रीय किताब आला तो पुष्कळ नंतर. लॉस एंजेलिसचे बेकरीमालक पॉल हेल्म्स यांच्या पैशांवर १९३६ साली उभ्या राहिलेल्या हेल्म्स फाउंडेशननं जुने हंगाम तपासून विजेते ठरवले, त्यात १९०१समोर मिशिगनचं नाव घातलं. निवड मला मान्य आहे. मात्र ज्या पोरांनी धावून धावून ते ५५० गुण केले, त्यांना आपण राष्ट्रीय विजेते आहोत हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

योस्टच्या पहिल्या पाच हंगामांत मिशिगननं मिळून २,८२१ गुण केले आणि फक्त ४२ दिले. सलग ५६ सामने हार नाही. ती साखळी तोडली स्टॅगच्या शिकागोनं, ३० नोव्हेंबर १९०५ला, २-० अशी. त्याच वर्षी देशभरात अठरा-एकोणीस मुलं या खेळात दगावली. रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कान उपटले. पश्चिमेकडे पुढाकार कुणी घ्यावा? मिशिगनचेच कुलप्रमुख जेम्स एंजेल यांनी. त्यांनी जानेवारी १९०६मध्ये परिषदेतल्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांना एकत्र बसवलं आणि नियम झाले: खेळाडूला तीनच वर्षं, हंगामात पाचच सामने, प्रशिक्षक विद्यापीठाचा नेहमीचा नोकर असावा. प्रत्येक कलम जणू योस्टला समोर बसवून लिहिल्यासारखं. मिशिगनच्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना ते मानवलं नाही. १९०८च्या सुमारास एंजेल यांचंच विद्यापीठ परिषदेतून बाहेर पडलं आणि १९१७ साली परतलं. योस्ट तेव्हाही तिथंच प्रशिक्षक होता.

(पुढच्या आठवड्यात : कार्लाइलची शाळा आणि पॉप वॉर्नर)