निलगिरीचा पाला कोण खातो?

काटोल तालुक्यात आमचे शेत आहे. त्याच्या धुऱ्यावर बाबांनी निलगिरीची बावीस झाडे लावली, ती एकाच कारणासाठी : बकऱ्या त्यांना तोंड लावत नाहीत. पण मी दहावीत असताना उन्हाळ्यात चारा संपला आणि डोक्यावर हिरवागार पाला असून आम्हाला दोन बकऱ्या विकाव्या लागल्या. तेव्हा बाबा म्हणाले, "याले जगात कोणी खातच नसंल काय वं?"

उत्तर मला नागपूरला आल्यावर, कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले. (मी कला शाखेची. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी चूकभूल माफ करावी.)

निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात निलगिरी पर्वतावर तिची लागवड झाली, त्यावरून हे नाव पडले. तिच्या पानांत प्रथिने थोडी, चोथा फार आणि वर तेल, टॅनिन यांसारखी अपायकारक द्रव्ये. सर्दीत आपण हुंगतो ते तेल म्हणजे पाला खाणाऱ्यांविरुद्ध झाडाने केलेला बंदोबस्तच!

तरीही तिकडचे काही शिशुधान, म्हणजे पोटाला पिशवी असलेले, प्राणी हा पाला खातात. त्यांतला कोआला जवळजवळ त्यावरच जगतो. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती. त्यांतल्या मोजक्याच तो वास घेऊन निवडतो. रोज अर्धा ते एक किलो पाला खातो. विषारी द्रव्यांचा निचरा त्याचे यकृत करते. चोथा आंबवायला पोटात सुमारे दोन मीटर लांबीचे अंधांत्र असते. एवढे करून शक्ती मिळते थोडीच, म्हणून तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. शाळेच्या पुस्तकातले त्याचे चित्र पाहून आम्ही त्याला आळशी म्हणून हसलो होतो, याची आता लाज वाटते.

सर्वांत नवल पिल्लाचे. पाला पचवणारे जंतू त्याच्या पोटात जन्मतः नसतात. सहा-सात महिन्यांचे झाले की आईच्या विष्ठेतून येणारा एक मऊ, पातळ पदार्थ ते खाते. त्यातून ते जंतू त्याला मिळतात आणि मगच पाला पचू लागतो.

दिवाळीत घरी हे सांगितले. आजीने नाक मुरडले. बाबा मात्र लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "अन् झाडंच तोडली तं?"

तेही मी वाचले होते. जंगलतोड झाली, 2019-20 मध्ये मोठे वणवे लागले, आणि 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातला कोआला संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. दुसऱ्या पाल्यावर त्याचे भागत नाही.

बाबांनी धुऱ्याकडे पाहिले. आमची झाडे आता बल्ल्यांजोगी झाली आहेत.