अर्धशिशीची गोळी आणि रोजाचे घड्याळ

असरची नमाज झाली की रोहा-अष्टमीतल्या घरांत इफ्तारची तयारी सुरू होते. कांदा चिरला जातो, कढईत तेल तापते, फळे कापून ताटात लागतात. ज्या बाईला अर्धशिशी आहे, तिचे डोके अनेकदा याच सुमारास उठते. आधी डोळ्यांपुढे काजवे, मग एका बाजूची कानशील ठणकू लागते. उजेड नको, तळणीचा वास नको, पोरांचा आवाज नको. मगरीबला अजून दोन-अडीच तास असतात. पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असते आणि ती घ्यायची की नाही, हे तिने एकटीने ठरवायचे असते.

रोजात डोके दुखणे नवे नाही. सौदी अरेबियातील रियाधमध्ये रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९९९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. रमजानच्या पहिल्या दिवशी रोजा ठेवणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांचे डोके दुखले होते, रोजा नसलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. त्यातली बरीच डोकेदुखी साधी, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी होती. चहा-कॉफी सुटल्याचाही हा परिणाम असतो. रोजच्या सवयीचा चहा बंद झाला की शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोके धरते. म्हणून शाबान महिन्यातच एकेक कप कमी करत आणावा. आपल्याकडे नेमके उलटे होते. पहिल्या रोजाच्या आदल्या रात्रीपर्यंत किटली चुलीवरून उतरत नाही.

अर्धशिशी मात्र वेगळा आजार आहे. भूक, अपुरे पाणी, तुटलेली झोप, ऊन आणि उग्र वास ही तिची ठरलेली निमित्ते, आणि रमजानात ती बहुतेक एकत्र येतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणाऱ्याला त्यात रात्रपाळीची भर पडते. पेणकडे कामाला जाणाऱ्याला मेमूची गर्दी आणि कासू-नागोठण्याच्या पट्ट्यातला मार्चचा दमट उकाडा असतो. रोजा तेरा तासांच्या आसपासचा, पण शरीराला त्याहून जास्त काळाचा हिशेब द्यावा लागतो, कारण तरावीहनंतर झोपलेला माणूस सहरीला पुन्हा उठतो.

खरी चूक गोळ्यांच्या बाबतीत होते. अर्धशिशीची औषधे दोन जातींची असतात. एक दुखणे उठल्यावर घ्यायची, दुसरी दुखणे उठू नये म्हणून रोज घ्यायची. पुष्कळ रोजेदार पहिल्या जातीची गोळी दुसरीसारखी वापरतात. ‘आज डोके दुखेल’ या भीतीने सहरीलाच सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान घेऊन ठेवतात. ही औषधे शरीरात काही तासच टिकतात. पहाटे घेतलेली गोळी दुपारच्या दुखण्याला पुरत नाही, वर महिन्याचा हिशेब मात्र वाढवते.

तो हिशेब महत्त्वाचा आहे. ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा दोन-तीन वेदनाशामके एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात दहा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ सवय राहिली, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. गोळी घेतली नाही म्हणून दुखते, दुखते म्हणून गोळी घेतली जाते. ज्याची गाडी शाबानमध्येच आठ-नऊ दिवसांवर आहे, त्याने रमजानात रोज इफ्तारला एक गोळी सुरू केली तर ईदनंतरही डोके थांबत नाही. घरातल्यांना वाटते रोजे बाधले. बाधलेली असते गोळीची पट्टी.

दुसरी चूक घड्याळाची. मगरीबला दिवस बदलतो, तशी औषधाची मोजदाद बदलत नाही. सुमाट्रिप्टानच्या गोळ्या २४ तासांत २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, आणि ते २४ तास पहिल्या गोळीपासून मोजायचे. दुसरी गोळी निदान दोन तासांनी, तीही पहिलीने आराम पडून दुखणे परत आले तरच. पहिलीने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच उठावावर दुसरी घेऊन उपयोग नसतो. दिवसभराचे राहून गेलेले डोस इफ्तार ते सहरी या दहा-अकरा तासांत कोंबणे हा सरळ धोका आहे.

मेडिकलमधून ‘डोक्याची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत अर्गोटामीन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असते. अर्गोटामीन आणि ट्रिप्टान यांत किमान २४ तासांचे अंतर हवे. दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात. घसा किंवा छातीच्या संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना अर्गोटामीन घेतले, तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. हृदयविकार, पूर्वी आलेला पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी ट्रिप्टान घेऊ नये. म्हणून शेजारणीची गोळी घेऊन बघणे, हा आपल्या मोहल्ल्यातला प्रेमाचा व्यवहार या आजारात चालत नाही. डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, कसल्याही चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. नेप्रोक्सेनसारखी वेदनाशामके खजुरावर न घेता पोटभर जेवून, पाणी पिऊन घ्यावीत. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जातात.

रोज घ्यायच्या औषधांचे रमजानशी बरे जुळते. फ्लुनारिझीन आणि अमिट्रिप्टिलिन रात्रीच घ्यायची असतात. मात्र अमिट्रिप्टिलिनने गुंगी येते. तरावीह आटोपून उशिरा घेतले तर सहरीला डोळे उघडत नाहीत, सहरी चुकते, आणि उपाशी पोटी दिवस सुरू झाला की दुखणे ठेवलेलेच. दिवसातून दोनदा घ्यायच्या प्रोप्रॅनोलॉलऐवजी दिवसाकाठी एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी देता येते. पण हा बदल डॉक्टरांनी करायचा. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही आणि ते एकदम बंद करायचे नसते. ज्यांना रिझाट्रिप्टानही दिलेले आहे, त्यांनी दोन्ही नावे एकत्र सांगावीत, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचे रक्तातले प्रमाण वाढते. टोपिरामेट घेणाऱ्यांना मुतखडा होऊ नये म्हणून भरपूर पाणी लागते. कोकणच्या उकाड्यात तेरा तास पाण्याविना राहण्याआधी त्यांनी डॉक्टरांशी बोलायलाच हवे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी घराघरांत ठाऊक असून बोलली जात नाही. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळते आणि अनेकींना ती मासिक पाळीच्या दिवसांत जोराने येते. त्या दिवसांत रोजा नसतो. म्हणजे दिवसा खाता येते, पाणी पिता येते, गोळी वेळेवर घेता येते. पण सासरे-दीर घरात, मुले आसपास, म्हणून ती बाई कोणाच्या नजरेला न पडता उपाशी राहते आणि दुखणे सोसते. शरीयतने दिलेली मोकळीक घराच्या संकोचाने काढून घेतली जाते. स्वयंपाकघराचे दार लोटून चार घास आणि एक गोळी तिला घेऊ देणे, एवढे तर घरातल्या थोरल्या बाईला जमण्यासारखे आहे. गरोदर असण्याची शक्यता असेल तर अर्गोटामीन घेऊ नये. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला अपाय करू शकतात, त्यामुळे ती चालू असतील तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

मग भर रोजात दुखणे उठले तर? तोंडाने गोळी घेतली की रोजा सुटतो, यात वाद नाही. सुमाट्रिप्टान इंजेक्शन आणि नाकातल्या फवाऱ्याच्या रूपातही बनते. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली, पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, आणि घशात उतरलेले गिळले नाही तर नाकातल्या औषधानेही तुटत नाही, असा ठराव केला. नाकातल्या औषधाबद्दल मात्र सर्व उलेमांचे एकमत नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तेव्हा आपल्या मशिदीच्या मौलानांना रमजानपूर्वीच विचारून ठेवावे. दुखत्या डोक्याने फतवा शोधू नये.

आजाऱ्याला आणि प्रवाशाला दुसऱ्या दिवसांत संख्या पुरी करण्याची सवलत सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आहे. अर्धशिशीत उलट्या होऊन पोटात पाणी टिकत नसेल, तर ती सवलत याच माणसासाठी आहे. आणि काही लक्षणांत तर मगरीबची वाट बघणे म्हणजे जीवाशी खेळ. एकाएकी विजेसारखी कडाडलेली डोकेदुखी, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, ताप येऊन मान आखडणे, पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेले असे दुखणे, किंवा गोळी घेतल्यावर छातीत दाटून येणे. अशा वेळी १०८ ला फोन करावा, पेण असो वा रोहा, जवळचे रुग्णालय गाठावे.

सुटलेल्या रोजांची कझा पुढच्या रमजानआधी कधीही करता येते. अर्धशिशीवाल्यांना त्यासाठी डिसेंबर-जानेवारी बरे पडतात. तेव्हा रायगडात दिवस लहान असतो, उकाडा नसतो आणि आठवड्यातून एकच रोजा ठेवला तरी चालतो.