अमोनिया उत्सर्जन, शेतीतील

जनावरांचे मलमूत्र व नायट्रोजनयुक्त खते यांपासून अमोनिया वायू मुक्त होऊन वातावरणात मिसळण्याची क्रिया. मानवी व्यवहारांतून होणाऱ्या एकूण अमोनिया उत्सर्जनाचा फार मोठा भाग शेती व पशुपालन यांतून येतो.

मूत्रातील यूरियाचे शेणातील यूरिएज या एंझाइमामुळे अल्पावधीतच अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांत अपघटन होते. यूरिया खत जमिनीवर पसरून ठेवल्यास मातीतील यूरिएजामुळे हीच विक्रिया घडते. उष्णता, वारा व जमिनीची क्षारकता यांमुळे वायू अधिक प्रमाणात निसटतो. हा नायट्रोजन पिकास मिळत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचेही नुकसान होते.

वातावरणात अमोनिया काही तास ते काही दिवसच टिकतो. त्याचा बराच भाग उगमस्थानाजवळच जमिनीवर व वनस्पतींवर बसतो. उरलेल्या भागाची कारखाने व वाहने यांच्या धुरापासून बनलेल्या सल्फ्यूरिक व नायट्रिक अम्लांशी विक्रिया होऊन अमोनियम लवणांचे सूक्ष्मकण तयार होतात. २.५ मायक्रोमीटरपेक्षा कमी व्यासाचे हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किमी. वाहत जातात, दृश्यमानता घटवितात आणि फुप्फुसांत खोलवर शिरतात. शहरांवरील धुरक्याचा काही अंश अशा रीतीने दूरच्या गोठ्यांत व शेतांत उगम पावलेला असतो.

दाट पशुपालनामुळे नेदर्लंड्समध्ये हा प्रश्न विशेष तीव्र झाला. तेथील नायट्रोजन कमी असलेल्या वालुकामय जमिनींवर हीथ या खुरट्या झुडपांची माळराने आहेत. त्यांवर अमोनिया साचून गवते माजली व मूळ वनस्पती मागे हटल्या. अमोनिया स्वतः क्षारकीय असला, तरी मातीतील सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रेटात रूपांतर करताना अम्ल निर्माण होते व जमीन अम्लीय बनते. १९९० नंतरच्या दशकात तेथे पातळ शेणखत जमिनीच्या आत सोडण्याची सक्ती करण्यात आली. १९९० च्या तुलनेत एकूण उत्सर्जन निम्म्याहून अधिक घटले. तरीही अनेक संवेदनशील अधिवासांवरील नायट्रोजनाचा भार त्यांच्या सहनमर्यादेपेक्षा जास्तच राहिला. भावी घट गृहीत धरून परवाने देण्याची पद्धत तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २९ मे २०१९ रोजी अवैध ठरविली. त्यामुळे अनेक गोठ्यांचे व बांधकामांचे परवाने अडले. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी द हेग येथे ट्रॅक्टर नेऊन निदर्शने केली.

पशुखाद्यातील अतिरिक्त प्रथिन कमी करणे, पातळ शेणखताच्या टाक्या झाकणे, खत टाकताच मातीत मिसळणे, यूरिया मातीत खोलवर देणे व यूरिएजरोधक द्रव्ये वापरणे हे प्रमुख उपाय होत. गोठ्यात रोखलेला अमोनिया पुढे खत शेतात पसरताना निसटू शकतो. म्हणून हे उपाय गोठ्यापासून शेतापर्यंत एकत्रितपणे योजावे लागतात.