‘कॅडिलॅक’ : एका व्यापारनामाची प्रतिष्ठा आणि तिचा अर्थविचार

विशेषनामांना अर्थ असतो की नाही, हा अर्थविचारातील जुना प्रश्न आहे. विशेषनाम केवळ निर्देश करते, वर्णन करीत नाही, असा एक पक्ष आहे. आणि विशेषनामाभोवती गुणांचा संचय होऊन कालांतराने ते वर्णनाचे काम करू लागते, असा दुसरा. व्यापारी नावे या वादाच्या बरोबर सीमारेषेवर उभी असतात. त्यांचा जन्म ठाऊक असतो, त्यांचा मालक ठाऊक असतो, आणि त्यांच्या अर्थाला वळण लावण्यासाठी प्रचंड द्रव्य खर्च होत असते. तरीही अखेरीस त्यांचा अर्थ कोण ठरवितो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अमेरिकन मोटारीच्या नावाच्या आधारे करावयाचा आहे. ते नाव म्हणजे ‘कॅडिलॅक’ होय.

प्रथम नावाची व्युत्पत्ती पाहू. ‘कॅडिलॅक’ हे मुळात फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील, बोर्दोजवळच्या एका गावाचे नाव. ‘कोन्याक’, ‘आर्मान्याक’ या नावांप्रमाणे त्याच्या शेवटी जो ‘आक’ आहे, तो प्राचीन गॉल भाषेतून लॅटिनमध्ये आलेल्या, स्वामित्व वा संबंध दाखविणाऱ्या प्रत्ययाचा अवशेष आहे. व्यक्तिनामाला तो लागला म्हणजे ‘अमक्याची जमीन’ असा अर्थ होई. आपल्याकडील ‘वाडी’ वा ‘पूर’ या उत्तरपदांचे कार्य याहून फार निराळे नाही.

हे ग्रामनाम अमेरिकेत गेले ते आंत्वान लोमे या गृहस्थामुळे. त्याचा जन्म १६५८ मध्ये, एका सामान्य न्यायाधिकाऱ्याच्या घरी झाला. १६८३ च्या सुमारास तो नव्या जगात आला आणि तेथे त्याने आपले नाव बदलले. १६८७ मध्ये क्वेबेक येथे विवाह करताना तो ‘लामोत कादियाक’ या उमराव कुळाचा पुरुष म्हणून वावरत होता. ही उमरावी त्याने स्वतःच निर्माण केली होती. जे कुलचिन्ह त्याने धारण केले तेही त्याच्या मूळ गावाजवळच्या एका खऱ्या सरदार घराण्याच्या चिन्हावरून घेतलेले होते, असे इतिहासकार मानतात. याच कादियाकने १७०१ मध्ये डेट्रॉइटची वसाहत स्थापन केली. १९०१ मध्ये त्या नगराची द्विशताब्दी साजरी झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे निघालेल्या मोटारकंपनीला त्याचे नाव देण्यात आले. त्याचे कुलचिन्ह हेच कंपनीचे बोधचिन्ह झाले. प्रतिष्ठेचे प्रतीक म्हणून पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या या चिन्हाच्या मुळाशी उसनी प्रतिष्ठा असावी, ही गोष्ट अर्थविचाराच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही. चिन्हाची खरीखोटी वंशावळ आणि चिन्हाची समाजातील किंमत या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे आरंभीच स्पष्ट होते.

कंपनीचा जन्म मात्र कृत्रिम नव्हता. हेन्री फोर्ड १९०२ मध्ये आपल्या नावाच्या एका कंपनीतून बाहेर पडल्यावर भांडवलदारांनी ती मोडीत काढण्याचे ठरविले आणि यंत्रसामग्रीची किंमत करण्यासाठी हेन्री लीलँड यांस पाचारण केले. लीलँड यांचे शिक्षण शस्त्रनिर्मितीच्या आणि यंत्रावजारांच्या कारखान्यांत झालेले होते. बंदुकीचा कोणताही सुटा भाग त्याच जातीच्या कोणत्याही बंदुकीस बसला पाहिजे, हे तत्त्व त्यांच्या अंगवळणी पडले होते. कंपनी मोडू नये, आपल्याकडील एंजिन वापरून नवी गाडी काढावी, असा सल्ला त्यांनी दिला. आणि ‘कॅडिलॅक’ अस्तित्वात आली.

लीलँड यांच्या आग्रहाचे फळ १९०८ मध्ये दिसले. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग काढून त्यांच्या जागी साठ्यातील नवे भाग घातले, आणि त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा जोडून ५०० मैल चालविण्यात आल्या. भाग कानशीने घासूनपुसून एकेका गाडीस बसविण्याची चाल त्या काळी सार्वत्रिक असल्याने हा प्रयोग आश्चर्यकारक ठरला. त्याबद्दल कंपनीस ड्यूअर करंडक मिळाला. १९१२ च्या गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली विजेवर एंजिन सुरू करण्याची योजना आली. हाताने दांडा फिरविण्याचे कष्टाचे आणि धोक्याचे काम तिने संपविले, आणि कंपनीला तोच करंडक दुसऱ्यांदा लाभला.

‘जगाचा मानदंड’ या अर्थाचे घोषवाक्य कंपनीने याच काळात स्वीकारले. येथे अभ्यासकांनी क्षणभर थांबावे. लीलँड यांच्या कारखान्यात ‘मानदंड’ हा शब्द वाच्यार्थानेच खरा होता: मापाची पट्टी, जिच्याशी प्रत्येक भाग ताडून पाहावयाचा. पुढे त्याच शब्दाचा अर्थ ‘प्रतिष्ठेची परिसीमा’ असा झाला. मराठीत हा पालट विशेष सहज उमगतो. कारण ‘मान’ म्हणजे माप आणि ‘मान’ म्हणजे सन्मान, हे दोन्ही शब्द आपल्याकडे एकाच रूपाने नांदतात. संस्कृतात पहिला ‘मा’ धातूपासून व दुसरा ‘मन्’ धातूपासून आला आहे. आपल्याकडे ध्वनीच्या योगायोगाने जे घडले ते कॅडिलॅकच्या बाबतीत इतिहासाने घडविले. मापाचा मान सन्मानाच्या मानात उतरला.

या संक्रमणातील एक टप्पा फार बोलका आहे. कॅडिलॅकच्या मालकीचे हक्क १९०९ मध्ये जनरल मोटर्सकडे गेले होते. १९१५ च्या गाड्यांसाठी कंपनीने आठ सिलिंडरांचे नवे एंजिन आणले. २ जानेवारी १९१५ रोजी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात थिओडोर मॅकमॅनस यांनी लिहिलेली एक जाहिरात प्रसिद्ध झाली. अग्रस्थानी असणाऱ्यास निंदेचा दंड भरावा लागतो, असा तिचा आशय होता. त्या मजकुरात मोटारीचा, एंजिनाचा वा किमतीचा एकदाही उल्लेख नव्हता. वस्तूच्या गुणांचे वर्णन गळून पडले आणि नावाच्या स्थानाचे वर्णन तेवढे उरले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर निर्देश मागे पडून मूल्य पुढे आले.

‘मूल्य’ ही संज्ञा येथे सोस्यूर यांच्या अर्थाने घ्यावयाची आहे. चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगच्या द्रव्यात नसून त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदात असते. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० नंतरच्या दशकात आपल्या गाड्यांची जी उतरंड रचली, ती या सिद्धान्ताचे जणू प्रात्यक्षिकच होती. शेवरोले, पाँटिऍक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि सर्वांत वर कॅडिलॅक, अशा त्या पायऱ्या होत्या. मनुष्याची मिळकत वाढेल तसतशी त्याने एकेक पायरी चढावी, हा त्यामागील हेतू. या व्यवस्थेत ‘कॅडिलॅक’ या शब्दाचा अर्थ ‘ब्यूकच्या वरची’ असा होता. आणि तिच्या वर काही नाही, हे त्या अर्थाचे दुसरे अंग होते. स्पर्धक पॅकार्डचे नाव १९५८ मध्ये बाजारातून नाहीसे झाले, तेव्हा अमेरिकेत या नावाच्या बरोबरीस उभे राहणारे थोडेच उरले होते. १९४८ मध्ये लढाऊ विमानावरून सुचलेले शेपटीचे पंख १९५९ मध्ये आपल्या कमाल उंचीस पोहोचले. ती उंची वाहन म्हणून निरुपयोगी, परंतु चिन्ह म्हणून अर्थपूर्ण होती.

चिन्ह सर्वांना वाचता येते, पण ते धारण करण्याचा अधिकार सर्वांना असतो काय? हा प्रश्न अमेरिकेत वर्णभेदाच्या रूपाने उभा राहिला. पीटर ड्रकर यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार, १९३० नंतरच्या मंदीच्या काळात कृष्णवर्णीयांस गाडी न विकण्याचे कंपनीचे धोरण होते. तरीही संपन्न कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे, गायक व डॉक्टर एखाद्या गोऱ्या मध्यस्थास पैसे देऊन ती त्याच्या नावे खरेदी करीत. निकोलस ड्राइस्टाट या अधिकाऱ्याने ही गोष्ट वरिष्ठांच्या निदर्शनास आणली, धोरण बदलले, आणि बुडण्याच्या बेतात आलेली ही शाखा तरली. १९४९ मध्ये ‘एबनी’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने, आपले लोक कॅडिलॅक का चालवितात, याच विषयावर संपादकीय लिहिले. जेथे चांगल्या वस्तीत घर मिळत नाही, चांगल्या हॉटेलात प्रवेश मिळत नाही, तेथे ही गाडी समानतेच्या दाव्याचे साधन होते, अशी त्याची भूमिका होती. गोऱ्या समाजानेच जे चिन्ह श्रेष्ठत्वाचे म्हणून ठरविले, तेच हाती घेऊन त्या समाजाशी बोलणे, असा हा व्यवहार होता. त्याला उधळपट्टी म्हणणारे केवळ वाच्यार्थावर अडकले होते.

परंतु चिन्हाचा अर्थ एकदा सामाजिक झाला, की तो उलटविताही येतो. १९७० मध्ये गाय ड्रेक यांचे एक गीत अमेरिकेत गाजले. सरकारी मदतीवर जगणारा मनुष्य त्याच पैशाने कॅडिलॅक घेतो, असे त्यात चित्र होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयाने ते गीत व्हाइट हाउसमधील कार्यक्रमात गाण्याची विनंती जॉनी कॅश यांस केली. कॅश यांनी ते गायिले नाही. एबनीच्या संपादकीयात जी गाडी स्वाभिमानाची खूण होती, तीच येथे लबाडीचा पुरावा झाली. गाडी तीच, वक्ता, श्रोता आणि प्रयोजन मात्र निराळे.

आता या नावाच्या व्याकरणिक स्थित्यंतराकडे वळू. इंग्रजीत ‘अमक्याची कॅडिलॅक’ ही रचना रूढ झाली, आणि तिचा अर्थ ‘त्या जातीतील सर्वोत्तम वस्तू’ असा होतो. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हणत, त्याहून ही प्रक्रिया मूलतः भिन्न आहे. ‘डालडा’मध्ये नावाची व्याप्ती वाढून ते संपूर्ण जातीचे वाचक झाले आणि त्यातील गुणोत्कर्ष नष्ट झाला. ‘कॅडिलॅक’ने मात्र आपली जात सोडली आणि गुणोत्कर्ष तेवढा राखला. इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात तो प्रकार याच्या जवळचा होय. आपल्या साहित्यशास्त्राची लक्षणेची तीनही अंगे येथे आढळतात. लेखणी ही मोटार असू शकत नाही, हा मुख्यार्थबाध. श्रेष्ठत्वाचा संबंध, हा मुख्यार्थयोग. आणि आरंभी प्रयोजन, तर कालांतराने रूढी.

लक्षणेचे राजकीय सामर्थ्य किती असू शकते, हे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने दाखविले. ज्या विमायोजनांचा वार्षिक खर्च एका व्यक्तीमागे १०,२०० डॉलर वा कुटुंबामागे २७,५०० डॉलर यांहून अधिक, त्यांच्या वरच्या रकमेवर ४० टक्के कर बसविण्याची त्यात तरतूद होती. कायद्याच्या भाषेत त्या केवळ अधिक खर्चाच्या योजना होत्या. लोकव्यवहारात त्यांना ‘कॅडिलॅक योजना’ आणि कराला ‘कॅडिलॅक कर’ म्हणत. कामगार संघटनांचा या कराला तीव्र विरोध होता. वेतनवाढ सोडून, वाटाघाटी करून मिळविलेल्या योजनाही त्याच्या कक्षेत येत होत्या. आजारी कामगाराचे संरक्षण आणि धनिकाचा विलास यांस एकच विशेषण लावल्याने वादाचा अर्धा निर्णय शब्दातच होऊन जातो. हा कर दोनदा पुढे ढकलला गेला आणि अंमलात येण्यापूर्वीच डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाला.

विशेष असे, की ही लक्षणा बळकट होत असताना प्रत्यक्ष गाडीचा लौकिक ढळत होता. १९८२ ची म्हणून बाजारात आलेली ‘सिमरॉन’ ही शेवरोलेच्या ‘कॅव्हॅलियर’शी एकच सांगाडा असलेली गाडी होती, नाव व सजावट तेवढी वेगळी. ती यंत्र म्हणून वाईट होती की नाही, हा गौण मुद्दा आहे. खरा आघात झाला तो भेदावर. उतरंडीची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पायरी एकरूप दिसू लागली, तेव्हा ज्या विरोधातून ‘कॅडिलॅक’ला मूल्य लाभले होते तो विरोधच पुसला गेला. १९८८ मध्ये सिमरॉन बंद झाली. त्यानंतर १९९८ मध्ये आलेल्या ‘एस्कलेड’ या धिप्पाड गाडीला हिप-हॉप संगीताच्या वर्तुळात जी कीर्ती लाभली, ती पाहता नावाला पुन्हा उजाळा देण्याचे काम पुष्कळ अंशी त्याच समाजाने केले असे म्हणावयास हरकत नाही, ज्याला एके काळी ती विकत मिळत नव्हती. पुढे कंपनीने ‘सीटीएस’ सारखी अक्षरनामे योजून पाहिली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी मात्र ती ‘लिरिक’, ‘सेलेस्टिक’ अशा समान प्रत्ययान्त शब्दांकडे वळली. त्यांतील ‘लिरिक’चे उत्पादन २०२२ मध्ये सुरू झाले.

या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते, की व्यापारनामाचे स्वामित्व नोंदणीने मिळते, अर्थाचे स्वामित्व मिळत नाही. तो अर्थ कारागिराच्या पट्टीने जन्मास आला, भेदांच्या व्यवस्थेने स्थिर झाला, आणि ज्यांना तो नाकारला गेला त्यांनी व ज्यांनी तो इतरांविरुद्ध वापरला त्यांनी, दोघांनीही तो आपापल्या परीने वळविला. मराठीत रूढ झालेल्या व्यापारनामांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नावास दोन प्रश्न विचारावेत. या नावाने आपली जात व्यापली, की ती ओलांडली? आणि ते उच्चारताना कोण कोणाविषयी बोलत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोशात सापडेल. दुसऱ्यासाठी मात्र वृत्तपत्रे, भाषणे आणि बाजारातील बोलणे यांचाच धांडोळा घ्यावा लागेल.