फोटो स्टुडिओची पहिली वेबसाइट : नारपोलीच्या नमुन्यावरून
(लेखमाला ‘लहान व्यवसाय आणि इंटरनेट’, भाग ६)

लहान फोटो स्टुडिओच्या वेबसाइटचे काम एकच असते. फोटो काढून घेऊ पाहणाऱ्या माणसाने ती पाहावी आणि फोन लावावा. त्याच्या मनातले प्रश्नही ठरलेले असतात : आपल्याकडच्यासारखे काम यांनी पूर्वी केले आहे का, ते कसे दिसते, खर्च साधारण किती येईल, स्टुडिओ नेमका कुठे आहे आणि आपली तारीख मोकळी आहे का. वेबसाइट करायला घेताना या प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत. रंग, सरकती चित्रे, सजावट हे सगळे नंतरचे. बहुतेक साइट फसतात त्या याच टप्प्यावर. फोटोग्राफर स्वतःच्या आवडीचे सूर्यास्त, किल्ले आणि पक्षी मांडून ठेवतो आणि हळदीची ऑर्डर देण्यासाठी आलेल्या घराला हळदीचा एकही फोटो सापडत नाही.

भिवंडीतील नारपोलीसारख्या वस्तीत हे प्रश्न विचारणारे लोक एका प्रकारचे नसतात. येथे यंत्रमागांचे कारखाने आहेत. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, मानकोली, दापोडे या बाजूंना गोदामांच्या रांगा आहेत. मूळच्या आगरी-कोळी घरांबरोबर उत्तर प्रदेशातून आलेली विणकर कुटुंबे आणि तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यामुळे येथल्या स्टुडिओकडे हळद, साखरपुडा, निकाह, बारसे अशी घरगुती कामे येतात. त्याचबरोबर कापडाच्या व्यापाऱ्याला तागे आणि नमुने ऑनलाइन दाखवायचे असतात, गोदाममालकाला भाडेकरूसाठी रिकाम्या जागेचे फोटो हवे असतात, एखाद्या कारखान्याला नव्या यंत्राचे. ही दोन गिऱ्हाइके एका पानावर आणू नयेत. लग्नघर तारीख, अल्बम आणि पॅकेज विचारते. गोदामाचा व्यवस्थापक एका वस्तूच्या फोटोचा दर, पांढरी पार्श्वभूमी मिळेल का आणि बिल कसे मिळेल, हे विचारतो. त्याच्यापुढे मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाचे चाळीस फोटो आले, तर तो खाली सरकत बसत नाही. तेव्हा पहिल्या पानावरूनच दोन वाटा फुटाव्यात : ‘घरचे समारंभ’ आणि ‘कापड, माल व गोदाम’. शेवटी दरांचे एक पान आणि संपर्काचे एक पान. अशी पाच पाने पहिल्या वेबसाइटला पुरतात.

दर लिहावेत की नाही, यावर व्यवसायात दोन मते आहेत. शेजारचा स्टुडिओ दर पाहून खाली उतरेल, ही भीती खरी आहे. तरीही निदान ‘इतक्यापासून पुढे’ असा आकडा द्यावा. आकडा नसला की गिऱ्हाईक ‘महाग असेल’ असे धरून चालते किंवा केवळ भाव विचारणाऱ्या फोनांत दिवस जातो. आकड्यापेक्षाही त्यात काय काय येते, हे महत्त्वाचे. किती तास, किती माणसे, व्हिडिओ धरून की वेगळा, अल्बमची किती पाने, किती फोटो दुरुस्त करून मिळणार, किती दिवसांत मिळणार, ड्रोन आणि प्रवासखर्च निराळा आहे का, तारीख अडवून ठेवण्यासाठी किती ॲडव्हान्स आणि समारंभ रद्द झाला तर त्याचे काय. भांडणे होतात ती याच बाबींवरून, म्हणून त्या साध्या वाक्यांत लिहिलेल्या असाव्यात.

फोटोंची निवड हे सर्वांत अवघड काम. प्रत्येक प्रकाराचे आठ ते बारा फोटो पुरे. एकाच लग्नातले बारा नकोत. वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या उजेडातले हवेत. आगरी हळदीचा समारंभ बहुधा रात्रीचा, मांडवातला, रंगीत एलईडी दिव्यांखालचा आणि गर्दीचा. अशा जागी चेहऱ्यावरची हळद पिवळी आणि कातडीचा रंग कातडीसारखा राखणे हे खरे कसब आहे आणि जाणते गिऱ्हाईक तेच पाहते. असा एक नेटका फोटो बागेतल्या दहा प्री-वेडिंग फोटोंपेक्षा जास्त कामे आणतो. प्रत्येक फोटोखाली एक ओळ असावी : कोणता प्रसंग, कोणत्या भागात, दिवसा की रात्री. ‘हळद, राहनाळ, रात्रीचा मांडव’ एवढे वाचूनही पाहणाऱ्याला हा माणूस आपल्याकडच्या कामाचा आहे, हे कळते. माणसांची नावे मात्र घालू नयेत.

निवडलेला फोटो साइटवर लावण्याचा हक्क फोटोग्राफरकडे आहे का, हा प्रश्न यापुढचा. या व्यवसायातल्या पुष्कळांना त्याचे उत्तर ठाऊक नसते. फोटो मी काढला म्हणजे तो माझा, अशी सर्वसाधारण समजूत असते. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्याच्या कलम १७मध्ये म्हटले आहे की, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाची ऑर्डर घेऊन, पैसे घेऊन काढलेले फोटो कायद्याने लग्नघराचे ठरतात, आणि ते जाहिरातीसाठी वापरायचे तर त्या घराची परवानगी लागते. उपाय सोपा आहे, कारण ‘उलट करार नसल्यास’ हे शब्द कायद्यातच आहेत. ऑर्डर घेताना जो कागद भरला जातो, त्यावर दोन ओळी वाढवाव्यात. पहिली, या कामातले फोटो स्टुडिओच्या वेबसाइटवर नमुना म्हणून दाखवण्यास आमची संमती आहे किंवा नाही. दुसरी, दाखवण्यापूर्वी निवडलेले फोटो आम्हाला दाखवावेत. खाली सही आणि तारीख.

कायद्यापलीकडेही हा विश्वासाचा मामला आहे. घरातल्या बायका-मुलींचे फोटो बाहेर कुठेही जाऊ नयेत, असा अनेक कुटुंबांचा आग्रह असतो आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. अशा घराच्या समारंभाचा नमुना दाखवायचा असेल, तर मेंदी लावलेले हात, सजवलेले व्यासपीठ, पंगत, दागिन्यांचे जवळून टिपलेले फोटो असे चेहरा नसलेले काम निवडता येते; तेही विचारूनच. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची लेखी संमती घ्यावी. आणि दोन-तीन वर्षांनी कोणी ‘आमचा फोटो काढून टाका’ म्हणून फोन केला, तर तो त्याच दिवशी उतरवावा. एका मोहल्ल्यात काम करणाऱ्या स्टुडिओचे नाव याच वागण्यावर टिकते.

आता फाइलींकडे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून आलेला फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच असतो, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. त्याची जेपेग फाइल सहज १० एमबीची होते. असे ३० फोटो जसेच्या तसे चढवले, तर पान ३०० एमबीचे होते आणि मोबाइलवर ते उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. तोच फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा केला, तर उंची सुमारे १०६७ राहते आणि ठिपके १७ लाखांवर, म्हणजे मूळच्या चौदाव्या हिश्श्यावर येतात. गुणवत्तेचा आकडा ७५ ते ८० ठेवला की फाइल साधारण ३०० केबीच्या आसपास बसते आणि ३० फोटोंचे पान ९ एमबीत मावते. फोनच्या पडद्यावर दोन्हींतला फरक दिसत नाही. गूगलने २०१० साली आणलेले वेबपी हे फाइलरूप वापरले, तर वजन आणखी उतरते. शिवाय पानावरचे खालचे फोटो वाचक तिथवर सरकल्यावरच उतरावेत, अशी सोय बहुतेक साधनांत असते. ती चालू ठेवावी.

फोटो बाहेर काढताना रंगाचे एक पथ्य पाळावे लागते. छपाईच्या सवयीने कॅमेरा ‘अडोबी आरजीबी’ या रंगपद्धतीवर ठेवलेला असतो. पुष्कळ ठिकाणी इंटरनेटवर रंग ‘एसआरजीबी’ धरूनच दाखवले जातात. बदल न करता फोटो चढवला, तर पडद्यावर तो फिका पडतो. हळदीचा पिवळा मळकट दिसतो आणि शालूचा लाल विटल्यासारखा. म्हणून एक्सपोर्ट करताना एसआरजीबी निवडावे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ते त्याच वेळी पुसावेत, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घराचा ठावठिकाणा फोटोबरोबर जगजाहीर होतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उचलून साइटवर लावू नये, कारण तिथे तो आधीच दाबून लहान झालेला असतो. वॉटरमार्क घालायचाच तर कोपऱ्यात, बारीक. फोटोच्या मधोमध आडवे पसरलेले नाव चोरी फारशी थांबवत नाही, काम मात्र झाकते. उजव्या क्लिकला बंदी घालणेही असेच निरुपयोगी, कारण फोनवर स्क्रीनशॉट घ्यायला क्षण लागतो.

मजकूर मराठीत असावा. कापड आणि गोदामाचे पान इंग्रजीतही असावे, कारण ती ऑर्डर अनेकदा मुंबईच्या किंवा परप्रांतातल्या कार्यालयातून येते. हिंदी आणि उर्दू पाने सवडीने जोडता येतील. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, तेव्हा त्या पानाची दिशा वेगळी लावावी लागते. मराठी मजकुरात एक अडचण हमखास येते. अल्बम आणि पत्रिका करणारे डिझाइनर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टंकलेखन करतात. तो मजकूर फोटोशॉपमध्ये सुंदर दिसतो, पण कॉपी करून वेबसाइटवर टाकला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. वेबसाइटचा सर्व मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकावा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट फुकट वापरता येतात आणि लहान पडद्यावर चांगले वाचता येतात. स्टुडिओचे नाव, पत्ता आणि दर चित्रात लिहून चिकटवू नयेत. शोधयंत्राला चित्रातले शब्द नीट कळतीलच असे नाही, आणि दर बदलला की चित्र पुन्हा करावे लागते.

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. फोनवर एकदा सांगितला की समोरच्याला बिनचूक लिहिता यावा, ही त्याची कसोटी. मराठी नावाचे रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होते. भिवंडीतला ‘व’ कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. असे अक्षर नावात असेल, तर जमल्यास दोन्ही स्पेलिंगे घ्यावीत. भारताच्या ‘डॉट इन’ नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २००५पासून ती नावे सर्वांना खुली झाली. २०१४पासून देवनागरीतले ‘डॉट भारत’ही मिळते. मराठी पाटी लावल्याचा आनंद त्यात आहे, पण संगणकाच्या आत ते नाव रोमन अक्षरांच्या लांबलचक साखळीत बदलते आणि काही फॉर्म ते स्वीकारत नाहीत. तेव्हा मुख्य पत्ता ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ ठेवून ‘डॉट भारत’ त्याकडे वळवणे आज तरी सोयीचे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे नाव कोणाच्या खात्यावर आहे. साइट करून देणारा मुलगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो, पुढे नोकरी लागून शहर सोडतो आणि स्टुडिओच्या मालकाला आपल्याच पत्त्याची चावी मिळत नाही. डोमेन, होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवण्याची भाड्याची जागा, आणि नकाशावरची नोंद ही तिन्ही मालकाच्याच ईमेलवर आणि फोनवर असावीत. काम करणाऱ्याला हवा तेवढा प्रवेश देता येतो. पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर विचारावा.

साइट कशावर बांधायची, याचे उत्तर मालक स्वतः काय हाताळू शकतो यावर अवलंबून आहे. तयार साचे देणाऱ्या सेवा दरमहा किंवा दरवर्षी भाडे घेतात आणि सगळी देखभाल त्या करतात. मात्र तेथून बिऱ्हाड हलवणे कठीण असते. २००३ साली सुरू झालेले वर्डप्रेस फुकट आहे, त्याचा कारभार मराठीतून करता येतो आणि होस्टिंग बदलले तरी साइट बरोबर नेता येते; पण त्याला वेळोवेळी अद्ययावत ठेवावे लागते, नाहीतर साइट घुसखोरांच्या हाती जाते. पाच पानांसाठी दोन्ही चालतात. एक फोटो बदलणे आणि एक आकडा बदलणे मालकाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमले पाहिजे, एवढी अट घालावी. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणीचे ‘एचटीटीपीएस’ हवेच. जुलै २०१८पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर ‘असुरक्षित’ अशी खूण दाखवू लागला. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते आपसूक बसवून देतात.

संपर्काच्या पानावर लांबलचक फॉर्म ठेवू नये. नारपोलीतले गिऱ्हाईक फोन करते किंवा व्हॉट्सॲप करते. फोन नंबर असा जोडावा की बोट लागताच कॉल लागेल. व्हॉट्सॲपसाठी ‘डब्ल्यूए डॉट एमई’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ, मग ९१ आणि दहा अंकी क्रमांक, मध्ये अधिकचिन्ह किंवा मोकळी जागा न ठेवता लिहिला की थेट गप्पांची खिडकी उघडते. त्यात ‘समारंभ, तारीख, ठिकाण’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो, म्हणजे पहिल्याच निरोपात कामाची माहिती येते. पत्ता लिहिताना केवळ ‘नारपोली, भिवंडी’ म्हणून भागत नाही. भंडारी कंपाउंडसारख्या गल्ल्यांच्या जाळ्यात नकाशाची खूण कधी मागच्या भिंतीवर पडते आणि माणूस कारखान्याच्या बंद दारापाशी पोहोचतो. खूण प्रत्यक्ष दारासमोर उभे राहून लावावी. शेजारची ओळखीची जागा, मजला आणि अंजूरफाट्याकडून कसे वळायचे, हे दोन ओळींत लिहावे. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा फोटोही तेथे ठेवावा. वेबसाइटवरचे नाव, पत्ता, फोन आणि गूगलच्या नकाशातली नोंद अक्षरशः सारखी हवी. त्या नोंदीचा आणि शोधात वर येण्याचा तपशील पुढील भागात येईल.

हे काम अंगावर घेण्यास चातुर्मास बरा. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत हिंदू घरांतली लग्ने थांबतात, निकाहाची आणि गोदामांची कामे चालू असली तरी हाताला सवड मिळते, आणि तुळशीच्या लग्नानंतर चौकशा सुरू होण्याआधी साइट तयार होते. जाहीर करण्यापूर्वी ती स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडून पाहावी. घरातल्या एखाद्या वयस्क माणसाच्या हाती फोन द्यावा, दर आणि फोन नंबर शोधायला सांगावे आणि मध्ये न बोलता पाहत राहावे. तो जिथे अडतो तिथे दुरुस्ती करावी. त्यानंतर दर लग्नसराईच्या शेवटी जुने फोटो काढून त्या वर्षीचे चढवावेत, दर तपासावेत, संमतीचे कागद एका फाइलीत लावावेत आणि साइटची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावी. डोमेनच्या मुदतीची तारीख लग्नांच्या तारखांच्याच वहीत लिहावी. मुदत उलटली तर ते नाव परत मिळवायला जादा पैसे पडतात आणि ठरावीक काळानंतर ते दुसऱ्या कोणालाही घेता येते.